चिमूटभर कोळशात वीस गुंठे

"कपड्यातच बॅटरी, पाच सेकंदांत चार्ज, जन्मभर टिकणार!" असा व्हिडिओ गेल्या आठवड्यात आमच्या जळगावकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होता. जन्मभराची गोष्ट थाप आहे. पण कापडात वीज साठते हे खरं, आणि तेही आपल्या ओळखीच्या कापसात.

2012 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात शाओडाँग ली आणि लिहाँग बाओ यांनी साधा सुती टी-शर्ट फ्लोराइडच्या द्रावणात भिजवला, वाळवला आणि ऑक्सिजन लागू न देता भट्टीत भाजला. ऑक्सिजन असता तर राख झाली असती. इथे सेल्युलोजमधला कार्बन तेवढा मागे राहिला. कापड काळं झालं, तरी घडी घातल्यावर मोडेना.

खरी गंमत त्या धाग्यांतल्या सूक्ष्म छिद्रांत आहे. अशा छिद्राळ कोळशाला सक्रिय कोळसा म्हणतात, आणि चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला 2000 चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमटीत वीस गुंठे वावर! असं कापड क्षाराच्या द्रावणात ठेवून त्याला ऋण भार दिला, की द्रावणातले धन आयन (विद्युतभारित कण) धावत येऊन छिद्रांच्या भिंतींना बिलगतात. भिंत आणि आयन यांतलं अंतर एका नॅनोमीटरपेक्षाही, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी. धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, क्षेत्रफळासोबत वाढते आणि अंतर घटलं की वाढते. इथे दोन्ही बाजूंनी फायदा. रासायनिक बदल काहीच नाही, म्हणून चार्जिंग सेकंदांत.

साठा मात्र तोकडा. अशा रीतीने वीज साठवणाऱ्या साधनाला सुपरकपॅसिटर म्हणतात. बाजारातले सुपरकपॅसिटर किलोमागे साधारण 5 ते 10 वॉट-तास धरतात, लिथियम-आयन बॅटरी 150 ते 250. म्हणून कोळशाच्या धाग्यावर मँगनीज डायऑक्साइड चढवतात. रात्री पिकाला पाणी भरायला जाताना नेतो त्या टॉर्चचा जुना सेल फोडला, की हाताला लागते ती काळी भुकटी. तिच्यात हाच असतो. त्यातलं मँगनीज +4 वरून +3 वर येताना इलेक्ट्रॉन पोटात घेतं. पण हा पदार्थ वीज नीट वाहू देत नाही. थर जाड झाला तर इलेक्ट्रॉन आतवर पोचत नाहीत, शिवाय कापड वाकवताच थराला तडे जातात. म्हणून थर नॅनोमीटरांत मोजण्याइतका पातळ हवा. साठा ऑक्साइड करतो, वीज कार्बनचा धागा नेतो. संकरित इलेक्ट्रोड म्हणतात तो हा.

 

आता राहतो द्रावणाचा प्रश्न. ओलं कापड अंगावर कोण घालणार? त्यासाठी पॉलिव्हिनिल अल्कोहोलचं जेल वापरतात. पण त्यातलं पाणी सुकलं की आयन अडकतात, म्हणून वरून घट्ट आवरण लागतं, आणि ते आवरणही कापडाइतकंच वाकलं पाहिजे.