मॉरिशसचे डॉक्टर चाचा

नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉरिशसच्या पंतप्रधानपदी परत आलेले नवीन रामगुलाम मूळचे डॉक्टर. वडील शिवसागर रामगुलाम हे देशाचे पहिले पंतप्रधान, तेही डॉक्टरच. घराणेशाही म्हणून विषय मिटवता आला असता, पण १९३६ साली तिथला मजूर पक्ष काढणारे मोरिस क्युरे हेसुद्धा डॉक्टर होते.

तिथल्या राजकारणात डॉक्टर इतके का? कारण उसात आहे. १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर उतरत राहिले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी. मोठे मळे आणि कारखाने मुख्यतः फ्रेंच वंशाच्या घराण्यांचे. ज्याची चूल मळ्यावर पेटते तो मालकाला उलट काय बोलणार? डॉक्टर आणि वकील यांना ती भीती कमी. (१९०७ मध्ये मजुरांचे खटले लढवायला गेलेले मणिलाल डॉक्टर मात्र बॅरिस्टर. डॉक्टर हे त्यांचं आडनाव!)

शिवसागर यांचा जन्म १९०० सालचा, बेल रिव्ह गावचा; वडील बिहारहून आलेले. लहानपणी अपघातात एक डोळा गेला. १९२१ मध्ये लंडनला गेले आणि डॉक्टर होऊन परतायला १९३५ उजाडलं. दोनच वर्षांत ऊस मजुरांचा उठाव झाला, गोळीबारात माणसं मेली. १९४० मध्ये ते विधिमंडळावर नेमले गेले. खरा पालट १९४८ चा: साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं आणि मतदार सुमारे १२ हजारांवरून ७१ हजारांच्या पुढे गेले. त्यासाठी गावोगाव अक्षरं गिरवून घेतली ती बासदेव बिसुनदयाल यांच्या चळवळीने. डॉक्टरांच्या यशातला हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

१९६५ मध्ये लंडनला स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना ब्रिटनने तेव्हा मॉरिशसमध्ये मोडणारी हिंदी महासागरातली चागोस बेटं स्वतःकडे मागितली. भरपाई ३० लाख पौंड. रामगुलाम कबूल झाले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता असं मला वाटतं, पण हा डाग त्यांच्या नावावर राहिलाच. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, तारीख दांडीयात्रेची. लोक त्यांना 'चाचा' म्हणत, तरी १९८२ मध्ये त्याच लोकांनी त्यांना स्वतःच्या मतदारसंघातही पाडलं. पुढे ते गव्हर्नर जनरल झाले आणि १९८५ मध्ये त्याच पदावर वारले.

चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी मॉरिशसतर्फे सही झाली, ती धाकट्या डॉक्टरांची.