मुलांमधील दाहक आंत्रविकाराची वाटचाल

दाहक आंत्रविकार, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला आयबीडी, हा आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणारा आजार आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यावरच उलटल्याने तो होतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत होऊ शकतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. सुमारे पाव रुग्णांना हा आजार विशीच्या आत गाठतो. 6 वर्षांखालच्या मुलात तो दिसला तर एखाद्या जनुकातील दोष शोधावा लागतो.

मुलांमध्ये आजार पुढे सरकतोय हे पोटाआधी उंची सांगते. क्रोन्समध्ये वाढ मंदावते ती जुलाब सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीही. मूल कमी खाते हे खरेच, पण सुजेतून रक्तात उतरणारी रसायनेही वाढीच्या संप्रेरकांचे काम अडवतात. म्हणून नुसते टॉनिक देऊन उपयोग नाही. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंमी वाढते. 4 सेंमीहून कमी वाढ झाली तर तपासणी हवीच. उंची अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, दर 3 महिन्यांनी मोजावी आणि आलेखावर मांडावी. नुसता आकडा लिहून ठेवल्यास घसरण लक्षात येत नाही.

गोव्यात पावसाळ्यात आंव-रक्त पडणे नवे नाही. पहिला अंदाज अमिबाचा किंवा जिवाणूंचा बांधतात, आणि तो बहुधा बरोबरही असतो. मात्र 4 आठवड्यांपलीकडे चाललेले जुलाब, रात्री झोपेतून उठवणारी कळ, घटणारे वजन किंवा गुदद्वाराजवळचे भगंदर असेल तर तीच गोळी पुन्हा देत राहू नये. दुसरी गल्लत क्षयाशी होते. लहान आतड्याचे शेवटचे टोक ही दोन्ही आजारांची आवडती जागा. क्षय लपलेला असताना स्टेरॉइड दिले तर तो भडकतो. उलट क्रोन्सला क्षय समजून महिनोन्‌महिने एकेटी (क्षयावरची औषधे) चालवली तर तेवढ्या काळात आतडे आकसत जाते. बायोप्सीतही उलगडा झाला नाही आणि एकेटी सुरू केली, तर 2-3 महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून व्रण भरले का ते पाहावे. नुसते बरे वाटणे पुरेसे नाही.

क्रोन्सची सुरुवात बहुधा नुसत्या सुजेने होते. ती धुमसत राहिली की व्रणांच्या जागी चट्टे पडतात, आतडे अरुंद होते, जेवणानंतर पोट फुगून उलट्या होतात; काहींत भिंत भेदून भगंदर किंवा गळू होते. आकसलेला भाग औषधाने पुन्हा मोकळा होणे अवघड असते. कोलायटिस मुलांमध्ये बहुधा संपूर्ण मोठे आतडे व्यापूनच दिसतो. लक्षणांवरून मुलांतील कोलायटिसची तीव्रता मोजणारा पुकाय गुणांक 65 किंवा अधिक असल्यास रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड देतात, आणि तिसऱ्या व पाचव्या दिवशी गुणांक पाहून पुढचे औषध ठरवतात. या अवस्थेत जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत. मोठे आतडे फुगून फुटू शकते.

क्रोन्समध्ये मुलांसाठी पहिला उपाय बहुधा स्टेरॉइड नसून 6 ते 8 आठवडे केवळ पूर्ण पोषण देणारे तयार द्रव अन्न हा असतो. त्या काळात पेज, हुमण, चतुर्थीच्या नेवऱ्या, सगळेच बंद. ‘वाटीभर पेजेने काय होते’ या मायेपोटी उपाय फसतो, म्हणून आजीपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सर्वांना आधी समजावून सांगावे. भगंदर असलेल्यांना बहुधा सुरुवातीपासूनच इन्फ्लिक्सिमॅब हे सूज रोखणारे, शिरेतून द्यायचे औषध लागते: 0, 2 व 6 व्या आठवड्यात, मग दर 8 आठवड्यांनी. त्याआधी क्षयाची तपासणी अनिवार्य. काणकोण किंवा सत्तरीसारख्या गोव्यातल्या दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्यांचा एका डोसात अख्खा दिवस जातो. तरी डोस लांबवू नये, कारण खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि ते निकामी ठरते. अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी वारंवार मोजाव्यात. भारतीयांत एनयूडीटी15 जनुकाचे असे प्रकार बऱ्यापैकी आढळतात, ज्यांत नेहमीच्या मात्रेनेही या पेशी धोकादायक पातळीला उतरतात.

पोट शांत असतानाही आत सूज असू शकते. शौचातील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन) 250 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमहून जास्त असेल तर ती शंका घ्यावी; नमुना उन्हात राहिला तर आकडा खोटा कमी येतो. कोलायटिस संपूर्ण आतड्यात असल्यास साधारण 8 वर्षांनी कर्करोगासाठी कोलोनोस्कोपी सुरू करतात. सोबत पित्तनलिका सुजवून अरुंद करणारा स्क्लेरोसिंग कोलँजायटिस असेल, तर एवढी वाट पाहत नाहीत.