तिकीटखिडकीची सव्वाशे वर्षं

७ जुलै १८९६ च्या संध्याकाळी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा तिकीट होतं एक रुपया. गिरणीत राबणाऱ्याला रुपया मिळवायला एका दिवसाची मजुरी पुरत नसे, आणि ते हॉटेल तर गोऱ्या साहेबांचंच होतं. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले. महिनाअखेरीस तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतचे दर लागले आणि पडद्यात राहणाऱ्या बायकांसाठी वेगळे बॉक्स राखले गेले. आपल्याकडच्या चित्रपटगृहाचा इतिहास मला त्या चार आण्यांपासून सुरू झालेला वाटतो. आज एकपडदा थिएटर बंद पडलं की आपण हळहळतो ती इमारतीसाठी. पण त्या इमारतीत कोण, किती पैशांत शिरू शकत होतं, हे पाहिल्याशिवाय नेमकं काय गेलं ते कळत नाही.

दादासाहेब फाळक्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या काळचा प्रेक्षक रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांना सरावलेला, त्याला दीड तासाचा खेळ म्हणजे पैसे वाया गेल्यासारखं वाटे. म्हणून फाळक्यांनी जाहिरात केली ती सत्तावन्न हजार छायाचित्रांची, दोन मैल लांबीच्या चित्राची, आणि तेही फक्त तीन आण्यांत. पुढे पडदा, यंत्र आणि फिल्मचे डबे बैलगाडीत घालून त्यांनी आपली चित्रं गावोगाव नेली. फिरता सिनेमा त्याआधीही होता, पण ती बैलगाडी त्याच वाटेवरची.

पक्की थिएटरं उभी राहिली ती नाटकाच्या सावलीत. पुण्यात १९१५ मध्ये मंडईजवळ पाठकांचं आर्यन सुरू झालं. विजय टॉकीजचं जुनं नाव लिमये नाट्यचित्रमंदिर, म्हणजे एकाच छताखाली दोन्हींची सोय. भानुविलासही आधी नाटकाचंच. त्यामुळे बसण्याची उतरंडही नाटकातूनच आली: पुढे पिट, मग स्टॉल, वर बाल्कनी. पिटातला प्रेक्षक पडद्याला सर्वांत जवळ आणि भाव मात्र सर्वांत कमी. तिथे सुरुवातीला बाकं असत, कुठे नुसती जमीन. शिट्ट्या तिथल्याच आणि आवडत्या गाण्याला पडद्यावर उधळलेली चिल्लरही तिथलीच. बोलपट येण्याआधी पिटात एखादा साक्षर माणूस पडद्यावरच्या पाट्या मोठ्यांदा वाचायचा आणि आजूबाजूचे ऐकायचे. वाचता न येणारा माणूस त्या काळात सिनेमाला जाऊ शकला तो असा.

१४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि बोलपट सुरू झाला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं. तिकिटाच्या काळ्या बाजाराची आपल्याकडची पहिली मोठी नोंद बहुधा हीच. वर्षभरात प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलू लागली. १९३६ चा ‘संत तुकाराम’ गिरगावच्याच सेंट्रलमध्ये वर्षभराहून जास्त चालला. एका थिएटरात एक चित्र वर्षभर चालतं, याचा अर्थ पुन्हापुन्हा येणारा माणूस खालच्या वर्गाचं तिकीट काढणारा होता. केवळ बाल्कनीच्या जोरावर एवढे आठवडे भरत नाहीत.

त्याच काळात श्रीमंती थिएटरंही आली: मुंबईत १९३३ मध्ये रीगल, १९३८ मध्ये इरॉस आणि मेट्रो, १९४९ मध्ये लिबर्टी. त्यांच्या वास्तुकलेवर भरपूर लिहिलं गेलंय. लालबागच्या भारतमाताबद्दल मात्र तेवढं लिहिलेलं सापडत नाही. गिरणीच्या जमिनीवरचं हे साधं थिएटर मराठी सिनेमाचं हक्काचं घर झालं, कारण पाळी सुटल्यावर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हजारो कामगार राहत होते. पुण्यात १९३४ मध्ये सरदार किब्यांच्या जागेत प्रभात थिएटर सुरू झालं. त्याचा भाडेकरार २०१४ च्या अखेरीस संपला आणि नाव किबे लक्ष्मी झालं. अप्पा बळवंत चौकाकडे जाणारा जुना पुणेकर अजूनही प्रभातच म्हणतो.

या सगळ्यांपेक्षा मला मोठा वाटतो तो तंबू. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की ट्रकमधून प्रोजेक्टर, कनाती, बांबू आणि घडी घातलेला पडदा निघायचा. पाऊस लागेपर्यंत एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत असा मुक्काम चाले. दिवसा गावातून गाडी फिरे, भोंग्यावर जाहिरात, मागे धावणाऱ्या पोरांच्या हातात रंगीत पत्रकं. संध्याकाळी तंबूवरच्या भोंग्यातून गाणी लागत. ठरलेली आरती किंवा भक्तिगीत वाजलं की खेळ सुरू होणार हे अख्ख्या यात्रेला कळे. आत खुर्ची नाही. मधोमध दोरी, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. घरून आणलेली घोंगडी किंवा पोतं अंथरायचं, नाहीतर मातीत बसायचं. एकच प्रोजेक्टर असल्यानं रीळ संपलं की अंधार आणि गलका. हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं, म्हणून दोन-दोन रिळं जोडून एक चकती करत. लहानपणी यात्रेत असा एक खेळ मी अर्धा पाहिला आणि उरलेला झोपेत. पण कनातीखालून आत येणारा गार वारा आणि भेळेचा वास अजून आठवतो. ज्या बाईनं तालुक्याच्या थिएटरची पायरी कधी चढली नाही, तिनं सिनेमा पाहिला तो या तंबूत, देवदर्शनाला आलेली असताना. तिला दुसरीकडून कोणी आत घेतलं नसतं.

शहरात ते काम मॅटिनीनं, म्हणजे दुपारच्या खेळानं केलं. बारा, तीन, सहा, नऊ हे खेळांचे तास घड्याळासारखे पाठ असत. बायकांसाठी वेगळी तिकीटखिडकी असे. रांग छोटी म्हणून घरातले पुरुषही तिकिटं काढायला बहिणीला पुढे करत. बाहेर गाण्यांच्या चोपड्या विकायला असत, आत खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनिवार्य माहितीपट. पुराची किंवा धरणाच्या उद्घाटनाची हलती दृश्यं बहुतेकांनी पहिल्यांदा तिथेच पाहिली.

वरच्या काचेच्या खोलीत ऑपरेटर. कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी पेटती ठेवायची, कांडी झिजली की पुढे सारायची, पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं यंत्र सुरू करायचं. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालत असेल तर सायकलवर पेट्या घेऊन पोऱ्या धावायचा. तो वाटेत अडकला की इकडे मध्यंतर लांबे. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघत: आधी मोठी शहरं, मग जिल्हा, मग तालुका. तालुक्याला चित्र पोचेपर्यंत महिने उलटत आणि फिल्मवर ओरखड्यांचा पाऊस पडलेला असे.

मराठी चित्रांना जागा मिळणं तेव्हाही सोपं नव्हतं. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ हिंदी चित्रासाठी बाजूला ठेवला गेला आणि बाळासाहेब ठाकऱ्यांनी मध्ये पडून तो लावायला लावला, हा किस्सा सर्वांना माहीत आहे. सरकारनं १९७५ मध्ये मराठी निर्मात्यांसाठी करपरतावा योजना आणली. वर्षात चार आठवडे मराठी चित्र लावण्याची अटही थिएटरांवर होती. परताव्यामुळे चित्रं निघाली, पण ती पाहिली पिटातल्याच लोकांनी.

मग एकेक धक्का. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि परळ-लालबागच्या थिएटरांचा रोजचा गिऱ्हाईक गेला. त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. पाच-दहा रुपयांत भाड्याची कॅसेट आणून सगळी चाळ एका खोलीत सिनेमा पाहू लागली. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की रस्ते ओस पडत, सकाळच्या खेळाला कोण येणार?

तरी माझ्या मते खरा घाव २००१ चा. महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला, पुढची दोन वर्षं पाव करच घेतला. शेजारचं जुनं एकपडदा थिएटर मात्र ४५ टक्क्यांपर्यंत कर भरत होतं, आणि तेही स्वस्त तिकिटावर. खुर्च्या बदलायला, वातानुकूलन बसवायला पैसा उरायचा कुठून? मग लोक म्हणाले, जुन्या थिएटरांत ढेकूण आहेत, आवाज फाटतो. ते खरंच होतं, पण ते तसं का झालं हे कोणी विचारलं नाही. त्यात शहरांतल्या जमिनीचे भाव असे चढले की थिएटर चालवण्यापेक्षा पाडणं फायद्याचं ठरलं. पुण्यात डेक्कनवरचं नटराज गेलं, मंगला आणि लक्ष्मीनारायण मल्टिप्लेक्स झाली. आर्यन तर त्याआधीच पाडलं गेलं होतं, मंडईतले वाहनतळ आता मिनर्व्हा आणि आर्यन या दोन थिएटरांच्या नावांनी ओळखले जातात.

२००५ नंतर उपग्रहावरून चित्र पोचू लागलं आणि तालुक्यालाही शुक्रवारीच नवं चित्र मिळालं. पूर्वीच्या मालकांनी ज्याची वाट पाहिली ते उशिरा आलं, पण तोवर खूप दारं बंद झाली होती. २०१७ मध्ये करमणूक कर वस्तू आणि सेवा करात विरला. मार्च २०२० मध्ये करोनानं सगळीच थिएटरं बंद केली, आणि त्यातली काही पुन्हा उघडलीच नाहीत. तंबूवाल्यांच्या तर यात्राच दोन वर्षं भरल्या नाहीत.

या सगळ्यात मुंबई सेंट्रलसमोरचं मराठा मंदिर अजून उभं आहे. १९५८ मध्ये उघडलेल्या या थिएटरात २० ऑक्टोबर १९९५ ला लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ करोनाचे महिने सोडले तर अजूनही दिवसाच्या एका खेळाला चालतो, आणि चाळीस-पन्नास रुपयांच्या आसपास तिकीट मिळतं. समोर एसटीचा डेपो आणि रेल्वे स्टेशन. गाडीला वेळ असलेले प्रवासी, रात्रपाळी करून आलेले, गावाहून कामाला आलेली पोरं बॅगा घेऊनच आत शिरतात आणि गाणं लागलं की शिट्टी मारतात.