घाणेरी उपटतात, मग गिरिपुष्प का सोडतात? येऊर-पारसिकच्या टेकड्यांची पार्श्वभूमी

पाऊस लागला की ठाण्याच्या येऊरच्या बाजूला कोयते-कुदळी घेऊन घाणेरी (लँटाना) काढणारे ग्रुप दिसायला लागतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच की ही काटेरी झुडपं काढताय ते ठीक, पण बाजूला गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडियाचं) अख्खं रान उभं आहे, तेही परदेशीच ना, मग त्याला हात का लावत नाही? प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र झाडापेक्षा सरकारी कागदात जास्त आहे आणि त्यासाठी चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं.

घाणेरीची जुनी गोष्ट पटकन आटोपतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली, मग कुंपणांना लागली, बुलबुलांनी फळं खाऊन बिया रानोमाळ टाकल्या आणि जिथे जंगल तुटून ऊन जमिनीपर्यंत आलं तिथे ती बसली. साष्टीच्या, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या बेटावरच्या डोंगरांत ऊन यायला कारणं कमी नव्हती, मुंबईच्या चुलींना लाकूड आणि कोळसा लागायचाच. 1941 मध्ये तिच्या पानांचा रस शोषणारा एक किडा मुद्दाम परदेशातून देशात आणला, पुढे तो पसरला, पानं सुकली, पण पुढच्या पावसात घाणेरी परत फुटली. घाणेरी वाईट यावर आज कोणाचा वाद नाही, म्हणून तिच्यावर आणखी लिहीत नाही.

खरा गुंता 1980 नंतरचा. त्या वर्षी वन संवर्धन कायदा आला, 1982 पासून राज्यात सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातंच सुरू झालं, परदेशी मदतही होती, आणि सगळ्यांना एकच पाहिजे होतं, उघडे डोंगर लवकर हिरवे दिसायला पाहिजेत. इकडे नवी मुंबई उभी राहत होती, तिला लागूनच असलेल्या पारसिकच्या डोंगरात खडीच्या खाणी चालू होत्या, उन्हाळ्यात सगळं तपकिरी. अशा जागी काय जगेल? मुरमात जगणारं, नुसती फांदी खोचली तरी फुटणारं, गुरांनी तोंड न लावलेलं, वणव्यात जळून गेलं तरी बुडातून परत येणारं झाड. मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, या सगळ्यात पास. जोडीला सुबाभूळ. त्या वेळच्या हिशोबाने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, माती तरी थांबली. पण हेच गुण पुढे अंगावर आले. जे गुरं खात नाहीत आणि वणव्याने मरत नाही ते थांबणार कशाने? शेंगा उन्हात तडकून बिया लांब फेकतात, त्यामुळे एका रांगेतली झाडं काही वर्षांत पूर्ण उतार व्यापतात. खाली उतरून बघा, पानांचा थर, एकाच वयाच्या सरळसोट काठ्या, ना कुडा, ना काकड, ना मोहाचं एखादं रोप. हिरवं आहे, पण रान नाही.

यावर दोन बाजू आहेत आणि त्या दहा-पंधरा वर्षं तरी भांडतायत. एक म्हणते, शहराच्या कडेला जे काही उभं आहे ते राहू द्या, उतार उघडा पडला तर पावसात माती खाली वस्तीवर येईल, आणि एकदा तोडायची परवानगी दिली की उद्या त्याच परवानगीवर दुसराच कोणीतरी डोंगर साफ करेल. हा शेवटचा मुद्दा मला खोटा वाटत नाही, आपल्याकडे डोंगर कसे साफ होतात ते सगळ्यांनी बघितलंय. दुसरी बाजू म्हणते की हिरवळ मोजायची पद्धतच फसवी आहे. 2016 मध्ये राज्याने 2 कोटी झाडं लावायची ठरवली, मग 4, मग 13, 2019 ला 33 कोटी. लावलेल्या झाडाचा आकडा रिपोर्टमध्ये येतो, काढलेल्या गिरिपुष्पाचा कुठल्या कॉलममध्ये लिहिणार? त्यात कृषीवाले आजही शेताच्या बांधावर गिरिपुष्प लावा म्हणून सांगतात, कारण पाला भाताला उत्तम हिरवळीचं खत आहे. बांधावर ते ठीकच आहे, तिथे शेतकरी दरवर्षी छाटतो. डोंगरावर कोण छाटणार? आणि फेब्रुवारीत पानं गळून गुलाबी फुलं येतात तेव्हा ठाण्याहून वाशीकडे जाताना ऐरोली-रबाळेला डावीकडचा डोंगर खरंच सुंदर दिसतो, लोक त्याचे रील टाकतात, मग ते तोडा म्हणणारा माणूस झाडांचा दुश्मन ठरतो.

आता कागद. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग, तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागू, म्हणजे उद्यानातली वनस्पती काढायची तर ती वन्यजीवांच्या भल्यासाठी आहे हे दाखवून वरून मंजुरी पाहिजे. त्यावर फेब्रुवारी 2000 मध्ये सुप्रीम कोर्टाने अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांतून मेलेली, वाळलेली, पडलेली झाडं आणि गवत नेण्यावरही बंदी घातली. हेतू चोरटी तोड थांबवायचा होता, पण त्यानंतर देशभरात तण काढायलाही अधिकारी बिचकायला लागले. काढून तिथेच टाकलं तर चालतं का, बाहेर नेलं तर काय, यावर वर्षं गेली. आदिवासी पाड्यांवरच्या लोकांना हे नवीन नव्हतं, कुडाच्या भिंतीला लागणारी कारवी, म्हणजे इथलं देशी झुडूप, तोडण्यावर त्यांनी बंधनं आधीच सोसली होती. उद्यानाबाहेर, शहराच्या हद्दीत, 1975 चा झाडांचा कायदा, तो देशी-विदेशी असा भेद करत नाही, झाड म्हणजे झाड. 2022 च्या दुरुस्तीत वन्यजीव कायद्यात आक्रमक परदेशी प्रजातींची व्याख्या पहिल्यांदा आली, एप्रिल 2023 पासून लागू झाली, पण तिचा भर आयात, व्यापार आणि प्रसारावर आहे, चाळीस वर्षांपूर्वी सरकारनेच लावलेलं झाड कोणी काढायचं यावर नाही.

म्हणून सीझनचं काम झुडपांभोवती बसलं. घाणेरी जून-जुलैत, जमीन मऊ असताना. वरवर छाटली तर दुप्पट फुटते, त्यामुळे बुडाशी माती उकरून, खोड जिथे मुळाला मिळतं त्याच्या तीनेक इंच खाली कुदळीने तोडायचं, मग अख्खं झुडूप उलटं करून मुळं वर ठेवायची म्हणजे परत रुजत नाही. ही पद्धत उत्तरेतल्या एका व्याघ्र प्रकल्पात बसवली गेली आणि तिकडून आली. रानमोडी या दुसऱ्या परदेशी तणाचं वेगळं, ती डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि बी वाऱ्यावर उडतं, तिला दिवाळीच्या आसपास गाठावं लागतं. त्यानंतर जाळरेषांची, म्हणजे वणवा अडवायला मोकळे पट्टे काढायची कामं सुरू होतात आणि रोजंदारीवरची माणसं तिकडे जातात. हे काम मुख्यतः पाड्यांवरची माणसंच करतात बरं का, रविवारचे व्हॉलंटिअर फोटोत जास्त असतात.

2024 ला कारवी फुलली तेव्हा घाई वाढली. 2008, 2016, 2024, आठ वर्षांनी एकदाच बी पडतं आणि पुढच्या पावसात उगवतं, त्या वेळी वर घाणेरीचं छत असेल तर रोपांना ऊन मिळत नाही आणि पुढची संधी थेट 2032 नंतर.

गिरिपुष्पावर सध्या मधला मार्ग चालतो. रोपं आणि बोटाएवढे फुटवे घाणेरीबरोबर उपटले तर कोणी अडवत नाही. मोठी झाडं ठेवून त्यांच्या सावलीत ऐन, काकड, पळस लावायचे आणि ते वर आले की गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने विरळ करायचं, असं ठरतं. पहिला अर्धा भाग होतो. विरळ करायची वेळ येते तेव्हा परत परवानगी लागते, आणि तोपर्यंत सही करणाऱ्या साहेबांची बदली झालेली असते.