तालुक्याच्या गावातील पार्ट्सचे दुकान : पार्श्वभूमी

विदर्भात तालुक्याच्या गावी वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या काउंटरवर उभा राहूनच तयार झालेला असतो. या धंद्यात शिरण्यासाठी पदवी लागत नाही. पूर्वी गुमास्ता परवाना, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, काढला की काम भागे. डिसेंबर २०१७ पासून तर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने केवळ सूचना दिली तरी पुरते. शिरणे सोपे राहिले असले, तरी टिकून राहण्याचे गणित गेल्या काही वर्षांत बरेच बदलले असून त्या बदलाचे मूळ एका कर-निर्णयात आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. देशात उत्पादन करण्याची योजना नसलेल्या मोटार कंपन्यांना केवळ जुळणी करू द्यायची नाही, असे धोरण केंद्र सरकारने १९५३ साली स्वीकारले आणि सुट्या भागांच्या देशी कारखानदारीला चालना मिळाली. पुढे दिल्लीचे काश्मिरी गेट, राजकोट आणि लुधियाना येथून निघालेला माल बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) नागपूरला येऊ लागला व तेथील ठोक दुकानांतून यवतमाळ, वाशीम, गोंदियापर्यंत पोहोचू लागला. हिंगण्यातील ट्रॅक्टरचा कारखाना, १९८२ साली भंडाऱ्याजवळ गडेगावात सुरू झालेला ट्रकच्या गिअरबॉक्सचा कारखाना आणि १९८५च्या सुमारास आलेल्या १०० सीसीच्या मोटारसायकली यांमुळे ग्राहक वाढला, तरी खेड्यातील दुकानदाराचा संबंध कारखान्याशी नव्हे, तर नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याशीच राहिला.

भागाभागाप्रमाणे माल बदलत असे आणि आजही बदलतो. वणी-घुग्घुसच्या पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांमुळे कमानपट्टे, यू-बोल्ट आणि क्लच प्लेट यांचा खप मोठा असतो. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलात उतरतो, एक्सलच्या ऑइल सीलमधून गाळ आत जातो आणि त्यापाठोपाठ बेअरिंग खराब होते. मग शेतकरी चिखलाने माखलेले जुने सील कागदात गुंडाळून काउंटरवर आणून ठेवतो. त्याच्या कडेवरचे आकडे झिजलेले असतात; काउंटरवरचा पोरगा बोट फिरवून किंवा व्हर्नियरने मोजून फळीवरून नेमके तेच सील काढतो. हे जमायला दोन-चार हंगाम जातात. ते जमले की काही जण नागपूरच्या ठोक दुकानात लाइनवर, म्हणजे गावोगाव फिरून ऑर्डर घेण्याच्या कामावर, लागत, तेथे पत जमवत आणि पुढे उधारीच्या मालावर गावाकडे स्वतःचे दुकान टाकत. गिऱ्हाइकाची उधारी कापूस किंवा धान विकल्यावर फिटे. मालाची ओळख आणि माणसाची पत या दोन गोष्टींवर आयुष्य उभे राहत असे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ट्रक, मोटारी व मोटारसायकलींचे बहुतेक भाग २८ टक्क्यांच्या गटात गेले. केवळ ट्रॅक्टरसाठीच वापरल्या जाणाऱ्या काही भागांचा दर आदल्या दिवशी, ३० जूनला, १८ टक्क्यांवर आणण्यात आला. या निर्णयाचे समर्थन असे होते की आधीचे साडेबारा टक्के उत्पादन शुल्क आणि राज्याचा साडेतेरा टक्के व्हॅट एकत्र धरले, तर बोजा जवळजवळ तेवढाच होता. कागदावर हा हिशेब बरोबर दिसतो. परंतु दीड कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर लहान कारखानदाराला उत्पादन शुल्काची माफी होती, ही बाब त्यात सोयीस्करपणे बाजूला पडते. राजकोट-लुधियान्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनणारा, कंपनीच्या पेटीत न येणारा स्वस्त भाग याच माफीत बसत असे, आणि खेड्यातील दुकानात खपत असे तो प्रामुख्याने हाच माल. नव्या करात सुरुवातीची नोंदणी-मर्यादा २० लाखांची ठेवली गेल्यामुळे ती माफी संपली. कंपनीच्या महागड्या भागावरचा बोजा फारसा हलला नाही. वाढला तो नेमका लोकल मालावरचा. कर लावलेले पक्के बिल आणि कर चुकवून दिलेले कच्चे बिल यांतील फरकही २८ टक्क्यांपर्यंत गेला, आणि प्रामाणिक दुकानदाराला शेजारच्या कच्च्या बिलाशी स्पर्धा करावी लागली.

लहान दुकानदारासाठी उलाढालीवर सरळ एक टक्का कर भरण्याची आपसमेळ (कम्पोझिशन) योजना होती व तिची मर्यादा एप्रिल २०१९ पासून दीड कोटी झाली. गिऱ्हाईक शेतकरी किंवा मिस्त्री असेल तर ती सोयीचीच ठरते. मात्र या योजनेतल्या दुकानदाराला बिलावर कर लावता येत नाही. त्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची आपल्या करातून वजावट घेणारा जिनिंगवाला किंवा कोळसा वाहतुकीचा कंत्राटदार त्याच्याकडे न येता थेट नागपूर गाठतो. सर्वांत मोठे गिऱ्हाईक असे हातचे जाते.

एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-सहा मानक आले, मोटारसायकलीतून कार्ब्युरेटर गेला आणि सेन्सर आले. डोळ्यांनी जुळवून देता येणारे भाग त्यामुळे कमी झाले. आयटीआयमधून मोटार किंवा ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड करून आलेला मुलगा अधिकृत शोरूमच्या पार्ट्स काउंटरकडे वळू लागला.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी दरकपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, ट्रक, मोटारी व मोटारसायकलींच्या भागांना सरसकट १८ टक्के दर लागू झाला. मागणी आठ वर्षांची होती, तिचे स्वागत झाले ते योग्यच. पण मधल्या पाच आठवड्यांत ज्याला थांबता येत होते तो ग्राहक थांबला आणि फळीवर २८ टक्के भरलेला माल तसाच राहिला. नियमित करदात्याची जादा वजावट खात्यात पडून राहते, तिचा परतावा मिळत नाही. आपसमेळ योजनेतल्या दुकानदाराला तर वजावटच नसल्याने ते दहा टक्के त्याच्या खिशातून गेले.

शिवाय ट्रॅक्टरच्या ठरावीक भागांवरचा दर त्याच दिवशी ५ टक्के झाला. क्लच असेम्ब्ली, रेडिएटर असेम्ब्ली, हायड्रॉलिक पंप, मागचे टायर अशी ती यादी आहे. त्याच ट्रॅक्टरच्या एक्सलमध्ये बसणारे बेअरिंग कायद्याच्या लेखी ट्रॅक्टरचा भाग ठरत नाही, त्याला १८ टक्केच लागतात, आणि एका दुरुस्तीच्या एकाच बिलात दोन दर येतात. तालुक्याच्या गावी प्रत्येक सामानाचा कोड, म्हणजे कराचा दर ठरवणारा वर्गीकरणाचा आकडा, तपासत बसणारा माणूस दुकानात नसतो. म्हणून नागपूरच्या बिलावरचा कोड जसाच्या तसा उतरवून घेतला जातो, आणि तो चुकीचा निघाला तर नोटीस खालच्या दुकानदाराच्याही नावे येते.