नायजेरियातील मृत्युदंडाचा कैदी आणि इकोवास न्यायालय : अर्ज कोण करू शकतो, कागद कोणते लागतात

24 जून 2013. नायजेरियाच्या एडो राज्यातील बेनिन शहराच्या तुरुंगात चार कैद्यांना फासावर चढवले, त्यांच्या वतीने अपील दाखल झालेले असताना. पाचव्यालाही फाशीच्या जागी नेले होते. चौघांचा जीव जाताना त्याने पाहिला. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की याच्या निकालपत्रात फाशी नाही, गोळ्या घालण्याची शिक्षा लिहिली आहे. तेवढ्यावर तो त्या दिवशी वाचला. पुढे अबुजाच्या इकोवास न्यायालयाने त्याच्या शिक्षेला अंतरिम स्थगिती दिली, 10 जून 2014 रोजी त्याला मृत्युदंडाच्या यादीतून काढण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो घरी गेला. शिक्षा 1995 ची होती.

हे न्यायालय पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास संघाचे. 2005 च्या पूरक करारापासून सामान्य माणूसही तिथे थेट दाद मागू शकतो. पहिली अट : ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो देश संघाचा सदस्य हवा. माली, बुर्किना फासो आणि नायजर 29 जानेवारी 2025 रोजी संघातून बाहेर पडले. नायजेरिया सदस्य आहे.

अर्जदार म्हणजे स्वतः कैदी, आणि अर्ज निनावी चालत नाही. तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू असेल, तर इथे घेत नाहीत. देशातली सगळी अपिले संपलेली असण्याची गरज मात्र नाही, आणि माझ्या मते याच सवलतीने जीव वाचतात. गांबियातल्या बांजुल इथल्या आफ्रिकी मानवाधिकार आयोगाकडे जायचे तर आधी देशातले उपाय संपवावे लागतात, किंवा ते विनाकारण रेंगाळल्याचे दाखवावे लागते.

अर्जात अर्जदाराचे नाव-पत्ता, प्रतिवादी देश, घटनाक्रम, आफ्रिकी मानवाधिकार सनदेतल्या कोणत्या हक्काचा भंग झाला, पुरावे आणि मागणी लिहायची. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा पोर्तुगीज. सोबत वकीलपत्र, शिक्षेच्या निकालाची प्रत आणि अपिलाचे कागद जोडावेत. निकालाची प्रत अक्षर न अक्षर वाचा. बेनिनच्या त्या माणसाचा जीव निकालातल्या दोन शब्दांवर तरला. गुन्ह्याच्या वेळी कैदी 18 वर्षांखालचा असेल, तर जन्मदाखला, नसल्यास शाळेची नोंद, तीही नसल्यास नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र शोधाच. 13 व्या वर्षी घडलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड झालेल्या कात्सिना राज्यातल्या मुलीच्या बाजूने याच न्यायालयाने 2014 मध्ये कौल दिला आहे.

शिक्षा कधीही अमलात येईल अशी भीती असेल, तर मुख्य अर्जाबरोबर अंतरिम आदेशासाठी वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या. त्यात घाई का, हे तारखांनिशी लिहा : अपील कधी फेटाळले, राज्यपालांकडचा दयेचा अर्ज कुठे अडला, तुरुंगात कोणती हालचाल दिसली. मोघम लिहू नका.

इथे गुन्हा केला की नाही याची फेरतपासणी होत नाही. हक्कभंग झाला का, एवढेच बघतात. निकाल बंधनकारक असला तरी अंमलबजावणी त्या देशाच्याच हातात असते, म्हणून आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षक आणि राज्यपाल कार्यालयात पोहोचवून पोच घ्यावी.

देशातली एक वाटही सोडू नका. नायजेरियाच्या 2019 च्या सुधारगृह (म्हणजे तुरुंग) सेवा कायद्याच्या कलम 12 नुसार सगळी अपिले संपून 10 वर्षे शिक्षा अमलात आली नसेल, तर मुख्य न्यायाधीश तिचे जन्मठेपेत रूपांतर करू शकतात. ते आपोआप होईल यावर विसंबू नका. शेवटच्या अपिलाच्या निकालाची प्रत आणि कैदी अजून कोठडीत असल्याचे तुरुंगाचे पत्र हाताशी ठेवून वकिलामार्फत विनंती करा.