जुन्या एमपीएफआय मोटारींतील इंधन पुरवठ्याचे दोषनिदान

टाकीतले पेट्रोल इंजेक्टरच्या (इंजिनसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) तोंडापर्यंत योग्य दाबाने आणि पुरेशा प्रमाणात पोहोचते की नाही, आणि पोहोचत नसेल तर नेमके कोठे अडते, हे मोजमाप करून ठरवण्याची पद्धत. गाडीचा पिकअप गेला, ती गचके खाऊ लागली किंवा सेल्फ मारूनही चालू होईना, की ‘पंप बदला’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. पंप हा या साखळीतला सर्वांत महाग आणि काढायला सर्वांत त्रासाचा भाग आहे. तो काढण्याची वेळ सगळ्यांत शेवटी यावी, आणि त्याआधी गेज व मल्टिमीटरने त्याचा दोष सिद्ध झालेला असावा.

पार्श्वभूमी : इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर आणले ते बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीने, १९६७ साली, फोक्सवॅगन १६०० या मोटारीत. इंधन आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे देणारी मोट्रॉनिक १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली. भारतात सामान्य ग्राहकाला एमपीएफआय (मल्टि-पॉइंट फ्यूएल इंजेक्शन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर) हा शब्द ओळखीचा झाला १९९८ नंतर, ह्युंदाई सँट्रो आणि देवू मॅटिझमुळे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी युरो मानके लागू करण्याचा आदेश दिला आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. मारुती ८०० देखील २००० साली एमपीएफआय झाली. आपल्याकडे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याच्या सोयीची) सक्ती मात्र भारत स्टेज ४ सोबत, २०१० पासून आली. मधल्या दशकातल्या गाड्यांत संगणक आहे, पण तो फार थोडे सांगतो. काहींत चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड वाचावा लागतो, आणि इंधनाचा दाब मोजणारा सेन्सर तर त्यांच्यात नसतोच. म्हणून या गाड्यांचे निदान आजही हाताने करावे लागते.

कार्यतत्त्व : टाकीत बुडवलेला विजेवर चालणारा पंप जाळीतून पेट्रोल ओढतो आणि फिल्टरमार्गे इंजिनवरच्या इंधन रेलमध्ये (सर्व इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) ढकलतो. रेलच्या टोकाला असलेला प्रेशर रेग्युलेटर ठरावीक दाब राखून उरलेले पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत पाठवतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रिटर्न लाइन नसते, रेग्युलेटर टाकीतच पंपासोबत बसवलेला असतो. रिटर्न असलेल्या रचनेत रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूमची बारीक नळी जोडलेली असते. तिच्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब आणि रेलमधला दाब यांतला फरक कायम राहतो, साधारण २.५ ते ३ बार. त्यामुळे इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालवला तर गेज ३ बार दाखवत असेल, तर आयडलिंगला ते अर्ध्या बारने खाली येते. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि त्याच्याशीच ताडून पाहावे.

ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) पेट्रोल मोजत नाही. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढेच तो ठरवतो आणि दाब ठीक आहे असे गृहीत धरतो. दाब कमी झाला तर तेवढ्याच वेळात कमी पेट्रोल पडते. इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे दाब ३ बारवरून २ वर आला तर पेट्रोल सुमारे १८ टक्के घटते. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि ईसीएम इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवून ती भरून काढतो. चालकाला काहीच जाणवत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीएम त्या सेन्सरकडे लक्ष देणे थांबवतो आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालतो. मग तूट उघडी पडते. शहरात निमूट चालणारी गाडी खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येही मिसिंग मारू लागते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. असा दोष उभ्या गाडीत, आयडलिंगवर शोधणे व्यर्थ आहे.

पहिली छाननी : इंधनावर संशय घेण्यापूर्वी प्लगला करंट येतो का हे पाहावे. किल्ली ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद मागच्या सीटखालून पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. तेवढ्या वेळात रेलमध्ये दाब भरला जातो आणि इंजिन फिरल्याचा संकेत मिळाला नाही तर ईसीएम पंप बंद करतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. किल्ली ऑन केल्यावर पंप वाजतो, पण सेल्फ मारताना ना पंप चालतो ना ठिणगी पडते, अशा वेळी इंजिन फिरल्याचा हा संकेत देणारा क्रँक किंवा कॅम सेन्सर तपासावा. पंपाची चूक नाही. गुणगुण मुळीच नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. फोर्ड आणि फियाटच्या बऱ्याच गाड्यांत धक्का बसल्यावर पंपाचा पुरवठा तोडणारा इनर्शिया स्विच असतो. मोठ्या खड्ड्यानंतर बंद पडलेली गाडी त्या स्विचचे बटण दाबल्यावर लगेच चालू झाल्याची उदाहरणे आहेत. बटण दाबण्यापूर्वी गाडीखाली पेट्रोल गळत नाही ना, हे वाकून पाहावेच.

टाकीचे झाकण सैल करून पाहणे ही बिनखर्चाची चाचणी आहे. हवा आत येण्याचा मार्ग तुंबला की टाकीत निर्वात तयार होतो आणि तासाभराच्या प्रवासानंतर गाडी दम सोडते. झाकण उघडताना जोराचा फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष सापडला.

दाबाची चाचणी : तीन बार दाबाखालचे पेट्रोल फवाऱ्यासारखे उडते आणि गरम इंजिनवर पडले तर आग लागते. म्हणून लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीचे टर्मिनल काढावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. यात सवलत नाही.

गेज रेलवर किंवा फिल्टरनंतर जोडतात. आयडलिंगला रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की दाब अर्ध्या बारच्या आसपास वर चढला पाहिजे. त्या नळीत पेट्रोल आढळले तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे. इंजिन थेट नळीतून पेट्रोल पिते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरते. दाब मुळातच कमी असेल तर रिटर्नची रबरी नळी क्षणभर चिमटतात. दाब झपाट्याने वर गेला तर पंप सशक्त आहे आणि रेग्युलेटर गळका. गेला नाही तर दोष फिल्टर, जाळी, पंप किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. वीस वर्षांची नळी चिमटल्याने तडकू शकते, तेव्हा आधी ती बोटांनी दाबून पाहावी.

दाबाइतकेच महत्त्व प्रमाणाला आहे, आणि ही चाचणी गॅरेजांत सर्वाधिक टाळली जाते. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमागे दाब हळूहळू का होईना पूर्ण भरतो, त्यामुळे आयडलिंगला गेज समाधानकारक दिसते. रिटर्नचे पेट्रोल मापाच्या भांड्यात घेतल्यास ३० सेकंदांत साधारण अर्धा लिटर यावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे लांब नळीचे गेज विंडस्क्रीनपाशी बाहेरून चिकटवून चढावर गाडी चालवणे. काटा शेजारी बसलेल्याने पाहायचा, चालकाने नव्हे.

इंजिन बंद केल्यावर दाब काही मिनिटे तरी टिकायला हवा. तो लगेच शून्यावर आला तर दुपारच्या उन्हात थांबलेली गाडी पुन्हा चालू व्हायला वेळ लावते, कारण दाब नसलेले पेट्रोल गरम रेलमध्ये उकळून वाफ होते. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी पटकन घेत असेल, तर निदान जवळजवळ पक्के झाले. गळती शोधण्यासाठी बंद इंजिनवर आधी पुरवठ्याची नळी चिमटतात: दाब टिकला तर पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह खराब आहे. रिटर्न चिमटल्यावर टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही चिमटूनही उतरत राहिला तर एखादा इंजेक्टर थेंब-थेंब गळतो आहे.

वीजपुरवठा : पंपाचा कनेक्टर काढून व्होल्टेज मोजण्याची पद्धत फसवी आहे. प्रवाह वाहत नसल्यामुळे गंजून एका तारेवर आलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांवर मोजावे. बॅटरीपेक्षा एका व्होल्टहून अधिक तूट असेल तर रिले, कनेक्टर आणि अर्थ (अर्थिंगची जोडणी) तपासावेत. कोकणाच्या दमट हवेत बॉडीला जोडलेला अर्थ गंजणे ही नित्याची गोष्ट आहे. कमी व्होल्टेजवर पंप फिरतो, आवाजही करतो, पण दाब देत नाही, आणि नवा पंप बसवला तरी तो तितकाच अशक्त राहतो.

इंजेक्टर : प्रत्येक इंजेक्टर चालू इंजिनमध्ये टिकटिकतो, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यावर टेकवून आवाज ऐकतात. बहुतेक गाड्यांत कॉइलचा रोध १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो. आवाज आणि रोध दोन्ही ठीक असूनही फवारा बिघडलेला असू शकतो, तो फक्त बाहेर काढून बेंचवर दिसतो. एकाच सिलिंडरचा प्लग पांढरा (पेट्रोल कमी पडल्याची खूण) व बाकीचे तपकिरी असतील, तर तो इंजेक्टर आधी काढावा.

सीएनजी आणि इथेनॉल : मुंबई-पुण्यातल्या असंख्य जुन्या एमपीएफआय गाड्यांना नंतर सीएनजी किट बसवले गेले, आणि त्यांचे दोष वेगळे असतात. पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून राहते, त्याचा डिंकासारखा थर इंजेक्टरमध्ये बसतो. काही जोडण्यांत गॅसवर चालतानाही पंप सुरूच राहतो. त्याला थंडावा बुडालेल्या पेट्रोलचाच असल्याने जवळपास रिकाम्या टाकीत तो तापून जळतो. किटच्या एमुलेटरसाठी (गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणाऱ्या उपकरणासाठी) इंजेक्टरच्या वायरी कापून जोडलेल्या असतात, त्या जोडांमध्ये एखादा सैल झाला की पेट्रोलवर एक सिलिंडर मरतो आणि गॅसवर गाडी उत्तम पळते. अशा गाडीत आधी हे जोड तपासावेत.

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने पेट्रोल पंपांवर आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने निदानात आणखी एक घटक आणला. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जमतो, तसेच जुन्या रबरी नळ्या व सील फुगवू शकते. ते पाणी शोषते. पावसाळ्यात पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर तळाशी, नेमका पंपाच्या जाळीपाशी साचतो. शिवाय इथेनॉलच्या ज्वलनाला हवा कमी लागत असल्याने तेवढ्याच हवेसाठी या मिश्रणाचे सुमारे ७-८ टक्के जास्त इंधन लागते. स्कॅनर लावता येणाऱ्या गाडीत फ्यूएल ट्रिम (ईसीएमने इंधनात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती) तेवढे अधिक दिसले, म्हणून त्यावरून लाइन तुंबल्याचा निष्कर्ष काढू नये. गेजवर दाब आणि भांड्यात प्रमाण बरोबर असेल तर तो आकडा इंधनाचा आहे.